कर अर्धा, पण मालकी कुणाची?

महाराष्ट्रातले बांदा आणि गोव्यातले पेडणे यांच्यामध्ये पत्रादेवीचा नाका आणि काही किलोमीटरचा महामार्ग एवढेच अंतर आहे. दोन्हीकडे बांधकाम साहित्याचे एकेक दुकान आहे असे धरू. दोन्ही दुकानदारांचा वर्षाचा निव्वळ नफा २० लाख रुपये, दोघांच्याही बायका घर सांभाळतात आणि दोघेही नव्या करप्रणालीत आहेत. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या दरांनी बांद्याच्या दुकानदाराला २ लाख रुपये प्राप्तिकर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण २ लाख ८ हजार रुपये भरावे लागतात. पेडण्याच्या दुकानदाराला एक रुपयाही भरावा लागत नाही. त्याने काही लपवलेले नसते, सीएने कुठली पळवाट शोधलेली नसते. त्याच्या नफ्यातले १० लाख कायद्यानेच त्याच्या बायकोचे ठरतात, दोघांची विवरणपत्रे वेगळी भरली जातात, आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर सवलतीत माफ होत असल्याने दोघांचाही कर शून्यावर येतो.

या फरकाचे मूळ १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहे. ती १८७० पासून गोव्यात लागू झाली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, आणि पुढच्या वर्षी संसदेने केलेल्या कायद्याने तिथले जुने कायदे चालू ठेवले. या संहितेखाली लग्न झालेल्या जोडप्याने आधी वेगळा करार केलेला नसेल, तर काही अपवाद वगळता दोघांची सगळी मालमत्ता एक होते आणि त्यात दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा असतो. धर्म कोणताही असो, नियम हाच. मग अशा मालमत्तेच्या उत्पन्नावर कर कुणी भरायचा, हा प्रश्न बरीच वर्षे न्यायालयांत घोळत राहिला. अखेर १९९४ मध्ये प्राप्तिकर कायद्यात कलम ५-अ घातले गेले आणि ते १९६३ पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू केले गेले. पगार सोडून बाकी सगळे उत्पन्न, म्हणजे धंद्याचा नफा, भाडे, व्याज, भांडवली नफा, नवरा-बायकोत समान वाटून दोघांनी आपापल्या विवरणपत्रात दाखवायचे, असे हे कलम सांगते. १९६१ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या प्राप्तिकर कायद्यातही ही तरतूद कायम आहे.

गोव्यातली ही सोय पाहिली की बाकीच्या भारतातल्या एका मागणीचा अर्थ नीट समजतो. नवरा-बायकोला एकत्र विवरणपत्र भरण्याचा पर्याय द्यावा, करमुक्त मर्यादा आणि दरांचे टप्पे त्यांच्यासाठी दुप्पट करावेत, अशी ती मागणी. सनदी लेखापालांच्या संस्थेने, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडियाने, २०२५ च्या अर्थसंकल्पापूर्वीच्या निवेदनात तशी सूचना केली होती, आणि दर जानेवारीत या विषयावर चर्चा रंगते. मागणी आकर्षक आहे, आणि एका पगारावर घर चालवणाऱ्यांची तिच्यामागची तगमग खरी आहे. तरीही ती मान्य होऊ नये असे माझे मत आहे. करासाठी उत्पन्न अर्धे-अर्धे करणे तेव्हाच न्याय्य ठरते, जेव्हा ते उत्पन्न खरोखरच दोघांच्या मालकीचे असते. मालकी न देता फक्त कर वाटून दिला, तर सवलत कमावणाऱ्याच्या हातात राहते आणि तिची किंमत दोघांपैकी कमी कमावणाऱ्याला, आपल्याकडे बहुतेक वेळा बायकोला, मोजावी लागते. हा नुसता तर्क नाही. अमेरिकेने हा प्रयोग पाऊणशे वर्षांपूर्वी केला आणि त्याचे परिणाम नोंदवलेले आहेत.

आधी आपल्याकडची स्थिती थोडक्यात. भारतात करदाता ही व्यक्ती आहे. लग्न झाल्याने दोन करदात्यांचा एक होत नाही. हिंदू अविभक्त कुटुंब हा वेगळा करदाता मानला जातो, पण त्याच्या नावे वडिलोपार्जित किंवा कुटुंबाच्या मालमत्तेचे उत्पन्न दाखवता येते, नवऱ्याचा पगार नव्हे. कुटुंबाचे ओझे कराच्या हिशोबात धरण्याचा एक प्रयत्न तेव्हाचे अर्थमंत्री, आपलेच चिंतामणराव देशमुख यांनी केला होता. १९५५ च्या अर्थसंकल्पात त्यांनी विवाहितांसाठी करमुक्त टप्पा २,००० रुपयांचा आणि अविवाहितांसाठी १,००० रुपयांचा केला. पुढे बरीच वर्षे स्त्रियांना पुरुषांपेक्षा जास्त करमुक्त मर्यादा होती. २०१२-१३ पासून तीही गेली. आज उरली आहे ती फक्त व्यक्ती, आणि तिच्याभोवती उत्पन्न एकत्र धरण्याच्या नियमांचे कुंपण. नवऱ्याने बायकोच्या नावावर एफडी केली, तर व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते. हे कुंपण नसते, तर प्रत्येक पैसेवाल्याने कागदावर आपले उत्पन्न घरात वाटून टाकले असते.

अमेरिकेत १९१३ मध्ये आजचा प्राप्तिकर सुरू झाला तेव्हा तिथेही व्यक्तीवरच कर होता. उत्पन्न वाटून कर कमी करण्याची युक्ती लोकांना लगेच सुचली. अर्ल नावाच्या वकिलाने बायकोशी १९०१ मध्येच करार केला होता की दोघांची सारी कमाई दोघांच्या सामाईक मालकीची असेल. त्या आधारे त्याने निम्म्या फीवरचा कर बायकोच्या नावे दाखवला. १९३० च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले: ज्याने कमावले त्याने कर भरावा, खासगी कराराने तो दुसऱ्यावर ढकलता येणार नाही. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सीबॉर्न नावाच्या वॉशिंग्टन राज्यातल्या गृहस्थाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने उलटा निकाल दिला. वॉशिंग्टनमध्ये स्पॅनिश वळणाचा सामाईक मालमत्तेचा कायदा होता. लग्नानंतरची कमाई, पगारासकट, मिळवल्या क्षणापासून निम्मी बायकोची असे तो कायदाच सांगत होता. जे मुळात तिचेच आहे त्यावरचा कर तिनेच भरायचा, असे न्यायालय म्हणाले. एकाच न्यायालयाने आठ महिन्यांत दिलेल्या या दोन निकालांत विसंगती दिसते खरी, पण दोन्हींचा पाया एकच आहे: आधी मालकी कुणाची ते पाहा, कर तिच्यामागून जाईल. आपले कलम ५-अ त्याच पायावर उभे आहे, फक्त त्याने पगार वगळला.

त्या वेळी टेक्सास, कॅलिफोर्निया, लुइझियाना अशा आठ राज्यांत हा सामाईक मालमत्तेचा कायदा होता. उरलेल्या राज्यांतल्या श्रीमंत नवऱ्यांना शेजारच्यांचा कमी कर डोळ्यांत खुपू लागला, आणि दुसऱ्या महायुद्धात दर वाढले तसा तो अधिकच खुपला. मग एक विलक्षण गोष्ट घडली. ओक्लाहोमा, ओरेगन, मिशिगन, नेब्रास्का, पेनसिल्व्हेनिया या राज्यांनी कर वाचवण्यासाठी आपले विवाहविषयक मालमत्ता कायदेच बदलले आणि बायकांना कमाईचे निम्मे मालक केले. स्त्रियांच्या हक्कांसाठी कित्येक वर्षे झगडून जे मिळाले नव्हते, ते कराच्या बचतीसाठी काही महिन्यांत मिळाले. पण बऱ्याच विधिमंडळांना ते देताना जड गेले होते. मालमत्तेचा निम्मा हक्क ही कराच्या सवलतीची फार मोठी किंमत आहे असे उघडपणे बोलले जात होते. अमेरिकी काँग्रेसने १९४८ मध्ये या अडचणीतून वाट काढली. त्या वर्षीच्या कर कायद्याने देशातल्या सगळ्या जोडप्यांना एकत्र विवरणपत्र भरून उत्पन्न जणू निम्मे-निम्मे असल्यासारखा कर भरण्याची मुभा दिली. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नकाराधिकार वापरला, तो डावलून कायदा झाला. आता मालकी न देताही सवलत मिळू लागली. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत काय झाले? ओक्लाहोमा, ओरेगन, मिशिगन, नेब्रास्का या राज्यांनी आपले नवे सामाईक मालमत्तेचे कायदे रद्द केले. पेनसिल्व्हेनियाचा कायदा तिथल्या न्यायालयाने आधीच मोडीत काढला होता. कर वाचवण्यासाठी बायकांना दिलेली मालकी, ती न देता कर वाचतो हे कळताच काढून घेतली गेली. एकत्र विवरणपत्राच्या इतिहासातला मला सर्वांत बोलका वाटणारा प्रसंग हाच आहे, आणि भारतात या विषयावर बोलताना तो क्वचितच कुणाच्या तोंडी येतो.

मालकी गेली, निदान सवलत तरी दोघांची झाली का? आकडेच पाहू. अमेरिकेत २०२५ च्या दरांनी, नवऱ्याचा पगार १ लाख २० हजार डॉलर आणि बायको कमावत नाही असे धरा. प्रमाणित वजावट वगळता बाकी काही नाही. एकत्र विवरणपत्र भरले तर कर सुमारे १०,१४३ डॉलर. नवऱ्याने वेगळे भरले तर १७,८६७. म्हणजे लग्नामुळे वाचले ७,७२४ डॉलर. आता बायकोने ४० हजार डॉलरची नोकरी धरली. एकत्र विवरणपत्रावरचा कर १८,०९८ होतो, वेगवेगळ्या विवरणपत्रांवरचा दोघांचा मिळून सुमारे २०,५३८. एकत्र भरणे अजूनही स्वस्तच, पण बचत २,४४० वर आली. तिची कमाई एकटीची म्हणून मोजली असती तर तिच्यावर २,६७२ डॉलर कर बसला असता. एकत्र हिशोबात तिच्या नोकरीमुळे कुटुंबाचा कर ७,९५५ डॉलरने वाढला. कारण तिचा पहिला डॉलर शून्यापासून मोजला जात नाही, तो नवऱ्याच्या शेवटच्या डॉलरवर रचला जातो. बायको घरी असेल तेव्हा सवलत सर्वांत मोठी असते, आणि ती जसजशी कमावते तसतशी ती सवलत आटत जाते, तिच्याच पगारातून वळती झाल्यासारखी.

हाच हिशोब भारतात करून पाहिला तर तो अधिक बोचतो. समजा मागणीप्रमाणे जोडप्यासाठी नव्या प्रणालीचे सगळे टप्पे दुप्पट केले, आणि १२ लाखांपर्यंतची सवलतही दुप्पट करून २४ लाखांपर्यंत नेली. ज्याचे करपात्र उत्पन्न २४ लाख आहे आणि ज्याची बायको कमावत नाही, तो आज ३ लाख रुपये कर भरतो. उपकर बाजूला ठेवू. एकत्र विवरणपत्रात त्याचा कर शून्य होईल. मोठाच दिलासा. आता त्याच्या बायकोला शाळेत शिक्षिकेची जागा मिळाली आणि तिचे करपात्र उत्पन्न ६ लाख झाले. आजच्या पद्धतीत तिच्यावर कर शून्य, आणि नवऱ्याच्या करातही एका पैशाचा फरक नाही. तिचा सगळा पगार घरात येतो. एकत्र पद्धतीत जोडप्याचे उत्पन्न ३० लाख होईल, २४ लाखांची सवलत निघून जाईल आणि कर बसेल २ लाख १० हजार. वेगवेगळे भरले तर ३ लाख, म्हणून दोघे एकत्रच भरतील. पण तिच्या सहा लाखांतले पस्तीस टक्के करात गेले. तिच्या येण्या-जाण्याचा, पाळणाघराचा, स्वयंपाकाच्या बाईचा खर्च त्यात मिळवा, आणि मग घरात जो हिशोब मांडला जाईल तो ओळखीचा आहे: एवढ्यासाठी कशाला नोकरी करायची? २०२३-२४ च्या अधिकृत श्रमशक्ती पाहणीनुसार शहरी भारतात पंधरा वर्षांवरच्या शंभर स्त्रियांपैकी फक्त २८ श्रमबाजारात आहेत. पगारदार करदात्यांची घरे मुख्यतः याच शहरांत आहेत. तिथेच शिकलेल्या बायकांच्या नोकरीवर असा कर बसवणे म्हणजे नेमक्या चुकीच्या जागी घाव घालणे आहे.

परदेशांचा अनुभव या हिशोबाला दुजोरा देतो. १९४८ च्या बदलानंतर अमेरिकेत विवाहित स्त्रियांच्या नोकरीवर काय परिणाम झाला, याचा अभ्यास अर्थतज्ज्ञ सारा लालुमिया यांनी केला. सामाईक मालमत्तेच्या राज्यांत उत्पन्न आधीपासूनच वाटले जात होते, त्यामुळे तुलनेला तयार गट होता; आणि ज्या राज्यांत हे वाटप नव्याने आले तिथे विवाहित स्त्रियांची नोकरी कमी झालेली दिसली. स्वीडनने १९७१ मध्ये उलट दिशेने पाऊल टाकले आणि कमाईवर नवरा-बायकोचा वेगवेगळा कर सुरू केला. हाकान सेलिन यांच्या अभ्यासानुसार जुनी पद्धत राहिली असती तर तिथे नोकरी करणाऱ्या विवाहित स्त्रिया बऱ्याच कमी असत्या. ब्रिटनमध्ये जवळजवळ दोन शतके बायकोचे उत्पन्न कायद्याने नवऱ्याचेच मानले जाई. एप्रिल १९९० पासून तिथे प्रत्येकाचा स्वतंत्र कर आहे. जर्मनी मात्र १९५८ पासून उत्पन्न वाटण्याच्या पद्धतीला चिकटून आहे. तिथे बरीच जोडपी दरमहाच्या कपातीसाठी असा गट निवडतात की नवऱ्याच्या पगारातून कमी कर कापला जातो आणि बायकोच्या तुटपुंज्या पगारातून जास्त. वर्षअखेरीस हिशोब जुळतो, पण बेकारभत्ता आणि बाळंतपणानंतरचा पालकभत्ता हातात येणाऱ्या पगारावर ठरत असल्याने तिचा तोटा कायमचा होतो.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हा तर पर्याय आहे, सक्ती नाही. ज्याला परवडेल त्याने एकत्र भरावे, बाकीच्यांनी वेगळे. अमेरिकेत कागदावर असाच पर्याय आहे, आणि तिथे राहणाऱ्या मराठी जोडप्यांसमोर तो दर वसंतात येतो. पण एकदा एकत्र विवरणपत्र ही वाट झाली की कायदा वेगळे भरणाऱ्याकडे संशयाने पाहू लागतो. एकत्र राहून वेगळे विवरणपत्र भरणाऱ्यांना तिथे उच्चशिक्षणाच्या सवलती मिळत नाहीत, विद्यार्थी कर्जाच्या व्याजाची वजावट मिळत नाही, पाळणाघराच्या खर्चाची सवलत सहसा मिळत नाही, शेअरमधला तोटा ३,००० ऐवजी १,५०० डॉलरपर्यंतच वजा होतो; एकाने खर्चाची तपशीलवार वजावट घेतली तर दुसऱ्यालाही तीच पद्धत घ्यावी लागते. तरीही काही वेळा वेगळे भरणे शहाणपणाचे ठरते: एकाचा दवाखान्याचा खर्च त्याच्या उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांहून बराच जास्त असेल, उत्पन्नावर ठरणारा शिक्षणकर्जाचा हप्ता कमी ठेवायचा असेल, किंवा जोडीदाराच्या धंद्याच्या हिशोबांची खात्री नसेल. शेवटचे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. एकत्र विवरणपत्रावर सही केली की त्या वर्षीच्या संपूर्ण कराची जबाबदारी दोघांवरही पूर्ण येते. नवऱ्याने लपवलेल्या उत्पन्नाचा कर आणि दंड घटस्फोटानंतरही बायकोकडून वसूल होऊ शकतो. निर्दोष जोडीदाराला दिलासा देणारी तरतूद आहे, ती १९९८ मध्ये व्यापक झाली, पण आपल्याला ठाऊक नव्हते हे सिद्ध करत बसावे लागते. वेगळे भरलेले विवरणपत्र तीन वर्षांत एकत्र करता येते, मुदत संपल्यावर एकत्रचे वेगळे करता येत नाही. म्हणून शंका असेल तर आधी वेगळे भरावे. आणि नवरा एच-१बी व्हिसावर तिकडे व बायको अजून पुण्यात नोकरीला असेल, तर तिला करासाठी तिथली रहिवासी मानून एकत्र भरण्याची मुभा आहे खरी, पण मग तिचा पुण्यातला पगार, इथल्या एफडीचे व्याज, घराचे भाडे हे सगळे अमेरिकेच्या विवरणपत्रात येते. इथे भरलेल्या कराची वजावट सहसा मिळते. कागदपत्रांचा व्याप मात्र वाढतो. हा निर्णय तिला विचारल्याशिवाय होऊ नये, कारण तिचे उत्पन्न, तिची सही आणि तिची जबाबदारी त्यात गुंतलेली असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एका घरात एकटा २० लाख कमावतो, शेजारी दोघे मिळून १०-१० लाख कमावतात. दोन्ही घरांत पैसे तेवढेच, तोंडे तेवढीच, मग एकाला २ लाख कर आणि दुसऱ्याला शून्य का? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे पूर्ण समाधान करणारी कोणतीही करपद्धत असू शकत नाही. वाढत्या दरांचा कर, सारख्या उत्पन्नाच्या जोडप्यांना सारखा कर, आणि लग्न केल्याने करात फरक न पडणे, या तीन गोष्टी एका वेळी साधता येत नाहीत. गणितच तसे आहे. अमेरिकेने दुसरी गोष्ट निवडली, तर तिथे अविवाहितांनी तक्रार केली की लग्न न केल्याचा दंड भरावा लागतो. १९६९ च्या कायद्याने अविवाहितांचे दर खाली आणले, तर सारखी कमाई असलेल्या दोघांना लग्न केल्याने जास्त कर बसू लागला. तिथला कायदा अजूनही या दोन टोकांमध्ये हेलकावे खातो आहे. कोणती गोष्ट सोडायची हे ठरवायचेच असेल, तर सारखे उत्पन्न म्हणजे सारखी ऐपत हे गृहीतक आधी तपासावे. पहिल्या घरात पूर्णवेळ एक व्यक्ती स्वयंपाक करते, मुलांचा अभ्यास घेते, आजाऱ्यांचे करते, आणि त्या कामावर कर नाही. दुसऱ्या घराला तीच कामे रात्री करावी लागतात किंवा कर भरून उरलेल्या पैशांतून विकत घ्यावी लागतात. दोन्ही घरांत रुपये सारखे असले तरी सवड सारखी नाही. व्यक्तीवरचा कर या फरकाची थोडीशी भरपाई करतो. आणि ज्या घरात खरोखर ओढाताण आहे, लहान मुले आहेत, अंथरुणाला खिळलेले आईवडील आहेत, त्यांना मदत करायची तर ती मुलांच्या आणि आजारपणाच्या नावाने, एक कमावता असो वा दोन, सगळ्यांना सारखी द्यावी. नुसत्या लग्नाच्या नावाने दिलेली सवलत मूलबाळ नसलेल्या ५० लाखांच्या पगारदाराला सर्वांत जास्त मिळते. आणि ज्यांचे उत्पन्न करापर्यंत पोचतच नाही अशा बहुसंख्य घरांना तिच्यातून काहीच मिळत नाही.

तिसरा युक्तिवाद गृहिणीच्या सन्मानाचा आहे. घरकामाला मोल आहे, कायद्याने ते ओळखावे, म्हणून करात तिचा वाटा धरावा. मोल आहेच. अपघातात गेलेल्या गृहिणीच्या कामाचे आर्थिक मूल्य भरपाई ठरवताना धरलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ च्या एका निकालात ठामपणे सांगितले आहे. पण नवऱ्याच्या करात सूट दिल्याने तिच्या हाती काय पडते? परतावा नवऱ्याच्या खात्यात येतो, बचतीचे घर नवऱ्याच्या नावावर होते, आणि उद्या संसार मोडला तर महाराष्ट्रातल्या बहुतेक स्त्रियांना पोटगी मागता येते, पण लग्नानंतर जमलेल्या मालमत्तेत निम्मा हिस्सा मागता येत नाही. गोव्यात तो असतो. तिथे घर-जमीन विकायला बायकोची सही लागते, घटस्फोटात किंवा नवऱ्याच्या मृत्यूनंतर तिचा अर्धा भाग आधी बाजूला निघतो. ती व्यवस्था निर्दोष नाही. संहितेने मालमत्तेचा कारभार नवऱ्याकडे सोपवला, आणि कागदावरची भागीदारी प्रत्यक्षात किती घरांत चालते हा प्रश्न उरतोच. तरी तिथल्या करकपातीमागे खरा हक्क उभा आहे. पेडण्याच्या दुकानदाराचे दोन लाख वाचतात, कारण त्याच्या दहा लाखांवर दुसऱ्या कुणाची तरी मालकी आहे. बाकीच्या भारतात एकत्र विवरणपत्र आणायचेच असेल, तर त्याला हीच अट लावावी: ज्या जोडप्याने नोंदणीकृत कराराने लग्नानंतरची कमाई आणि मालमत्ता निम्मी-निम्मी केली असेल, त्यालाच उत्पन्न वाटून कर भरू द्यावा, आणि करार मागे घेता येऊ नये. अशा अटीवर किती अर्ज येतील, यावरून ही मागणी कुणासाठी आहे ते स्पष्ट होईल.

त्याआधी एक छोटी, पण तातडीची दुरुस्ती करता येण्यासारखी आहे. उत्पन्न एकत्र धरण्याच्या नियमांत असे आहे की नवऱ्याच्या धंद्यात बायकोला पगार दिला, तर तो नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवायचा; अपवाद फक्त तिच्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि तो पगार त्याच ज्ञानाचा व अनुभवाचा असेल तेव्हा. बायको सीए किंवा डॉक्टर असेल तर अडचण नाही. पण वीस वर्षे गल्ल्यावर बसणारी, उधारीची वही सांभाळणारी, कोणता ठेकेदार पैसे बुडवील हे नवऱ्याआधी ओळखणारी बारावी झालेली बाई या अपवादात बसेल की नाही, हे अधिकाऱ्याच्या आणि न्यायालयाच्या मर्जीवर आहे. काही निकालांनी अनुभवालाही पात्रता मानले, पण प्रत्येक दुकानदार न्यायालयात जाऊ शकत नाही. म्हणून बहुतेक सीए असा पगार दाखवूच नका असे सांगतात, आणि तिचे काम हिशोबातून नाहीसे होते. इथे पदवीची अट काढून टाकावी. ती खरोखर काम करते, पगार बाजारभावाला धरून आहे आणि तो दरमहा तिच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा होतो, एवढे दिसले की तो तिचाच मानावा. बांद्याच्या दुकानदाराचाही कर त्याने खाली येईल, आणि त्याच्या बायकोच्या पॅनवर तिचे स्वतःचे उत्पन्न चढेल. पुढे तिला दुकानाची दुसरी शाखा स्वतःच्या नावावर काढायची झाली, तर बँकेपुढे ठेवायला तिच्याकडे तीन वर्षांची विवरणपत्रे असतील.